पाण्यात उतरण्यापूर्वी

सराफ कसा निवडावा याविषयी आमची आजी एक गोष्ट नेहमी सांगे. इंदूरच्या सराफ्यात तेव्हा जुन्या पेढ्यांची रांग होती. सगळ्यांच्या गाद्या सारख्याच पांढऱ्या आणि सगळ्यांची बोलणी सारखीच गोड. मग त्यांतला खरा कोण, हे ओळखावे कसे? आजीचे उत्तर ठरलेले असे. "एखादा दागिना हाती घ्यावा आणि 'हा मला द्या' म्हणावे. जो लगेच तोलायला घेतो तो नुसता दुकानदार. जो म्हणतो, 'बाईसाहेब, हा आपल्यासाठी नव्हे, याचा फासा कच्चा आहे,' तो आपला सराफ."

आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिचे हे वचन सोन्याच्या बाबतीत मला फारसे उपयोगी पडले नाही, कारण सोने घेण्याचे प्रसंगच थोडे आले. ते उपयोगी पडले गेल्या माघात, इंदूरपासून फार दूर, अंदमानच्या समुद्रकाठी. आणि तेही सोन्याहून मोलाच्या वस्तूच्या बाबतीत. ती वस्तू म्हणजे माझ्या भाचीचा जीव, आणि थोडासा माझाही.

भाची पुण्यात नोकरी करते. समुद्राच्या तळाशी जाऊन प्रवाळ पाहायचे, हे तिने दोन वर्षांपूर्वीच मनाशी पक्के केले होते. आमच्या ताईने पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी एका अटीवर परवानगी दिली : मामाने बरोबर जावे. "मामाला पोहता येते," एवढीच माझी पात्रता. ती खरी आहे. महेश्वरच्या घाटावर, पाठीला सुका भोपळा बांधून, मी नर्मदेत पोहायला शिकलो. आता वयाची साठी जवळ आली असली तरी घाट दिसला की अंगरखा काढावासा वाटतोच. त्यामुळे भाचीला सांभाळण्याच्या निमित्ताने आपणही एक बुडी मारून यावी, असा माझा अंतस्थ हेतू होता. तो मी सौ.ला सांगितला नव्हता. पण तिने तो ओळखला होता.

अंदमान म्हटले की मराठी माणसाला आधी सेल्युलर जेल आठवते. १९११ साली सावरकरांना जेथे नेले ती कोठडी पाहिल्यावाचून पुढे जाणे आम्हांला शक्य नव्हते. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम असे झाले आहे. तेथे आमचा पहिला दिवस त्या दगडी ओवऱ्यांतच गेला. त्याविषयी अधिकारी व्यक्तींनी पुष्कळ लिहिले आहे, म्हणून मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी वेगवान बोटीने दोनएक तासांत आम्ही हॅवलॉकला उतरलो. या बेटाचेही नाव २०१८ च्या अखेरीस स्वराज द्वीप झाले. परंतु धक्क्यावरचा हमाल, रिक्षावाला आणि पाणबुड्या, सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात.

बेट लहान आहे. गावांना गोविंदनगर, विजयनगर, राधानगर अशी नावे आहेत. पण लोक त्यांना तीन नंबर, पाच नंबर, सात नंबर म्हणून ओळखतात. वस्ती बहुतेक बंगाल्यांची. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना १९५० नंतरच्या दशकात येथे जमिनी देऊन वसविले, त्यांची ही तिसरी-चौथी पिढी. होड्यांवर काही करेन लोकही दिसतात. त्यांच्या पूर्वजांना १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून आणून मध्य अंदमानात मायाबंदरच्या बाजूला वसविले होते. शेदीडशे वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी आपापल्या मुलखातून निघून दुसरीकडे रुजलेल्या आपल्यासारख्यांना अशा गावात परके वाटत नाही.

धक्क्यापासून पाच नंबरपर्यंतच्या रस्त्याला दर शंभर पावलांवर एक पाटी : समुद्राखाली चला, पोहता येण्याची गरज नाही, फोटो आणि चित्रफीत मोफत. ज्याच्या हाती आपला श्वास द्यायचा त्याची निवड एवढ्या पाट्यांतून करायची, म्हणजे पुन्हा आजीचा सराफाच उभा राहिला.

श्वास द्यायचा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. कारण ते कळल्याखेरीज निवडीचे महत्त्व कळत नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी असे एक उपकरण सिद्ध केले की, पाठीवरच्या टाकीतली दाबलेली हवा पाणबुड्याला हवी तेव्हा, हवी तेवढी, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळावी. त्याच उपकरणाचे आजचे रूप सगळे वापरतात. टाकीत साध्या हवेचाच साठा असतो. मात्र मोटारीच्या चाकात जेवढ्या दाबाने हवा भरतात त्याच्या शंभरपट दाबाने तो भरलेला असतो.

आता पाण्याचा दाब. दर दहा मीटर खाली गेले की आपल्या वातावरणाएवढा आणखी एक दाब अंगावर येतो. दहा मीटरांवर तो दुप्पट होतो, वीस मीटरांवर तिप्पट. महेश्वरच्या घाटावर आम्ही दम किती वेळ धरता येतो याच्या पैजा लावीत असू. त्यात धोका नव्हता असे नाही, पण छातीत घेतलेली हवा वरचीच होती; खाली ती आकसे आणि वर येताना पूर्वीएवढी होई. येथे गोष्ट उलटी आहे. दहा मीटरांवर टाकीतून छातीभर हवा घेतली आणि दम धरून वर आले, तर तीच हवा दुप्पट जागा मागू लागते, आणि फुप्फुसात तेवढी जागा नसते. म्हणून या विद्येचा पहिला नियम असा की, पाण्याखाली दम कधीही धरायचा नाही. श्वास सारखा चालू ठेवायचा. मौज म्हणजे हा फरक सगळ्यांत जास्त पडतो तो पहिल्या दहा मीटरांतच. "आम्ही फार खोल नेत नाही" या वाक्याने जो निश्चिंत होतो, त्याला हे ठाऊक नसते.

पहिले दुकान आम्हांला भाचीच्या मोबाइलवर सापडले. अभिप्राय भरपूर आणि सगळे गोड. मालक उमदा गृहस्थ होता. सरबत दिले, इंदूरचे पोहे विचारले, आणि पंधरा मिनिटांत दोन कागद पुढे केले. एकावर सही करायची होती, दुसऱ्यावर प्रकृतीविषयी प्रश्न होते : दमा आहे काय, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया झाली आहे काय, फिट येते काय, वय पंचेचाळीसच्या वर असून रक्तदाब आहे काय. मी रक्तदाबाची गोळी सहा वर्षे घेतो आहे. 'होय' लिहायला पेन टेकवले, तो मालक हसून म्हणाला, "अंकल, सगळीकडे 'नाही' लिहून टाका. 'होय' लिहिले की डॉक्टरचा दाखला लागतो. उगाच तुमची सुट्टी वाया जाईल."

भाचीने विचारले, "एका शिक्षकाबरोबर किती माणसे असतील?"

"जशी गर्दी असेल तशी."

"आणि जाणार कोणत्या जागी?"

"जिथे मासे जास्त, तिथे!"

भाव इतरांपेक्षा कमी होता. शेजारच्या बाकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ भराभर 'नाही' लिहीत बसले होते. त्यांच्याकडे पाहून मला वाटले, आपणही लिहावे. खोटे कशाला बोलू? पेन कागदावर टेकलेलेच होते. पण सौ.ने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही, फक्त पिशवीतला पाण्याचा तांब्या काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, दुपारची गोळी राहिली आहे." आम्ही उद्या येतो म्हणून उठलो.

दुसरे दुकान म्हणजे नारळीच्या झाडांखाली पत्र्याचे छप्पर. भिंतीवर जाळीदार जॅकेटे ओळीने वाळत घातलेली, टाक्या एका रांगेत उभ्या, आणि फळ्यावर दुसऱ्या दिवशी कोण कोणाबरोबर जाणार याची यादी. प्रत्येक नवशिक्याच्या नावापुढे एक स्वतंत्र शिक्षक. आमच्याशी बोलली ती तिशीतली मुलगी, याच बेटावर जन्मलेली. तिचे आजोबा निर्वासितांच्या बोटीतून येथे उतरले होते. तिने सरबत विचारले नाही. सर्दी आहे का, हे विचारले.

कागद तेच होते. मी या वेळी 'होय' लिहिले. तिने ते वाचले, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अंकल, मी तुम्हांला नेऊ शकत नाही."

"मी नर्मदेत पोहणारा माणूस आहे," मी म्हणालो.

"असाल. पण पोहणे वेगळे. डॉक्टरांनी तपासून सही केली असती तर आनंदाने नेले असते. पाण्याखाली तुम्हांला धाप लागली तर मी थांबवू शकेन असे नाही. पुढच्या वेळी दाखला घेऊन या."

मी जरा ओशाळलो, जरा रागावलोही. भाव पहिल्यापेक्षा दीडपट, आणि वर नकार! परंतु त्याच क्षणी आजीचा तो कच्चा फासा आठवला. भाचीला म्हटले, "बाई, तुझे नाव इथेच लिही."

मग त्या मुलीने फळा पुसून बेटाचा नकाशा काढला आणि जागा समजावून सांगितल्या. मी बुडी मारणार नव्हतो तरी तो पाठ कान देऊन ऐकला, आणि वाचकांसाठी तो येथे देतो.

नेमो रीफ ही जागा किनाऱ्यालगत आहे. पायी चालत पाण्यात शिरायचे आणि हळूहळू उतरायचे. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सराव करता येतो, म्हणून नवशिक्यांना आधी तेथे नेतात. लाइटहाउस म्हणून दुसरी जागा आहे. तेथे होडीने जावे लागते. प्रवाळ उथळातही आहे आणि खालीही, त्यामुळे नवा माणूस आणि जुना पाणबुड्या दोघांचेही समाधान होते. एलिफंट बीचचे नाव फार मोठे, आणि म्हणूनच गर्दीही मोठी. हंगामात तेथे माशांपेक्षा माणसे अधिक, असे ती म्हणाली. धक्क्याजवळची 'वॉल' म्हणजे पाण्याखालचा कडाच. तो पन्नास मीटरांच्याही खाली जातो. पायाखाली तळ दिसत नाही, म्हणून ज्याला पाण्यात एका पातळीवर स्थिर राहता येत नाही त्याने तेथे जाऊ नये. आणि डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज ही ज्यांची छायाचित्रे सगळीकडे दिसतात ती ठिकाणे दूर, खोल आणि प्रवाहाची. ती शिकलेल्यांसाठी.

"पण मासे तर तिथेच जास्त ना?" भाचीने विचारले.

"तिथेच. कारण प्रवाह जिथे असतो तिथे खाणे वाहून येते, आणि खाणे येते तिथे मासे जमतात. जिथे मासे जास्त, तिथे पहिल्यांदा जायचे नसते."

पहिल्या दुकानातले उत्तर मला आठवले. एकच वाक्य, त्याने ते आमिष म्हणून सांगितले होते, हिने ते इशारा म्हणून सांगितले.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी किनाऱ्यावरच्या माणसाला जन्मजात कळते आणि आम्हां माळव्यातल्या लोकांना शिकावी लागते. आम्ही उतरलो तो दिवस माघी पौर्णिमेचा होता. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येते. भरती-ओहोटीचे पाणी जास्त जोराने धावते आणि तळाची माती उठून पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी संथ आणि बहुधा अधिक निर्मळ. सुट्टी ठरविताना लोक विमानाचा भाव पाहतात, पंचांगही पाहावे. अंदमानात जानेवारी ते एप्रिल हे दिवस सामान्यतः चांगले. मेपासून नैऋत्येचा पावसाळा लागतो, आणि तो सरल्यावर वर्षाच्या अखेरीस ईशान्येचे वारेही पाऊस आणतात.

पहिल्या दिवशी नेमो रीफवर भाचीचा सराव झाला. कंबरभर पाण्यात तिला गुडघ्यांवर बसवून तोंडातली नळी काढायला आणि पुन्हा लावायला लावले. चष्म्यात पाणी शिरले तर नाकाने फुंकून ते कसे काढावे हे शिकविले. हातांच्या खुणा शिकविल्या. अंगठा वर म्हणजे छान नव्हे, तर 'वर चला'. आपल्याकडच्या सवयीने भाचीने दोनदा आनंदाने अंगठा दाखविला आणि दोनदा तिला वर आणले गेले. मग कान. दाब वाढला की पडद्यावर कळ येते. नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे, म्हणजे आतला दाब सारखा होतो. हे दर मीटरला करायचे, दुखण्याची वाट पाहायची नाही. तीन मीटरांवर तिचा डावा कान अडला. शिक्षिका तिला मीटरभर वर घेऊन गेली, थांबली, पुन्हा खाली नेले, पुन्हा अडला, पुन्हा वर. तिसऱ्या खेपेस कान मोकळा झाला. तोवर ठरलेला वेळ संपत आला होता. घाई केली असती तर तेवढ्यात आणखी दोन गिऱ्हाइके झाली असती.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला. आकाश स्वच्छ, ऊन लख्ख. आम्हांला समुद्र सुंदर दिसत होता. पण सकाळी सातलाच निरोप आला की होडी निघणार नाही. पैसे परत हवे असतील तर मिळतील. भाची हिरमुसली. समोरच्या पाण्यात दुसऱ्यांच्या होड्या जाताना दिसत होत्या, त्यामुळे अधिकच. सौ. मात्र म्हणाली, "हिच्याकडे दोनदा 'नाही' ऐकले. तुमच्या आजीबाई खूष झाल्या असत्या."

तिसऱ्या दिवशी वारा पडला आणि आम्ही लाइटहाउसला गेलो. मला होडीत बसण्याची आणि काठाशी तरंगून चष्म्यातून खाली पाहण्याची परवानगी होती. होडी नांगर न टाकता आधीच बांधलेल्या तरंगत्या पिंपाला दोर लावून उभी राहिली. नांगर प्रवाळावर पडला तर शेकडो वर्षांची वाढ एका फटक्यात मोडते. दोर बांधणाऱ्या करेन नावाड्याने ते शब्दांत सांगितले नाही. नुसते हाताने मोडण्याची खूण केली.

भाची पाठीवर उलटी होऊन पाण्यात गेली आणि बुडबुड्यांची एक माळ मागे राहिली. ती माळ मी पाऊण तास एकटक पाहत होतो. जोवर बुडबुडे येत आहेत तोवर श्वास चालू आहे, एवढे मला कळत होते. नदीकाठच्या माणसाला वाहत्या पाण्याची भीती वाटत नाही. पण ज्या पाण्याखाली आपले माणूस आहे त्या संथ पाण्याची मला त्या दिवशी फार भीती वाटली.

आणि नेमके तेव्हाच ते घडले. शेजारी दुसरी एक होडी उभी होती. तिच्याजवळ एक मनुष्य एकदम वर आला. त्याने तोंडातली नळी फेकून दिली होती आणि तो हात मारीत होता. त्याच्याबरोबरचा शिक्षक क्षणभराने वर आला. त्याच्याकडे आणखी दोघे होते. त्या मनुष्याला होडीत ओढले तेव्हा मी ओळखले. बाकावर भराभर 'नाही' लिहिणारे तेच गृहस्थ. चेहरा राखेसारखा, छाती भात्यासारखी चाललेली, आणि खोकला थांबेना. त्यांची पत्नी होडीच्या टोकाला बसली होती. तिच्या हातात त्यांच्या चपला होत्या आणि त्या ती सोडीत नव्हती. त्यांच्या होडीवर प्राणवायू नव्हता. आमच्या नावाड्याने एक शब्द न बोलता आमची होडी शेजारी लावली. आमच्याकडचा एक शिक्षक वर थांबलेला होता. त्याने पेटीतला प्राणवायू काढून त्यांच्या तोंडाला लावला आणि किनाऱ्याला फोन केला. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचा श्वास जरा ताळ्यावर आला. मग दुसऱ्या होडीने त्यांना बेटावरच्या रुग्णालयात नेले.

मी संध्याकाळी तेथे जाऊन आलो. गृहस्थ उठून बसले होते. कारण काय ते डॉक्टरच जाणोत. मी विचारले नाही. त्यांच्या उशापाशी औषधांची पट्टी पडली होती. मी रोज घेतो तीच गोळी. त्यांनी माझी नजर पाहिली आणि म्हणाले, "लिहिले असते तर नेले नसते हो." एवढेच बोलले. मी काय बोलणार? माझे पेनही कागदावर टेकले होते.

भाची वर आली ती या सगळ्यापासून अजाण. चष्मा काढण्याआधीच बोलू लागली. समुद्रफुलात लपणारे केशरी मासे पाहिले. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा आवाज ऐकू येतो. सिंहमासा दुरून दाखविला, त्याच्या काट्यांत विष असते. आणि लाल रंगाचे काही दिसलेच नाही, शिक्षिकेने विजेरी लावली तेव्हा करडी वाटणारी फांदी एकाएकी कुंकवासारखी झाली. पाणी लाल प्रकाश आधी गिळते. काही मीटर खाली गेले की सगळे निळे-करडे दिसते, म्हणून असे होते. काही प्रवाळ पांढरे पडलेले होते. समुद्राचे पाणी फार तापले की प्रवाळाच्या अंगातले रंगीत सूक्ष्म जीव निघून जातात. अंदमानात २०१० आणि २०१६ साली तसे मोठ्या प्रमाणावर झाले. "मामा, ते दगड नाहीत हो, जिवंत आहेत," ती म्हणाली. शिक्षिकेने तिचे हात पूर्ण वेळ छातीशी बांधायला लावले होते, म्हणजे कशालाच स्पर्श होऊ नये. प्रवाळाला २००१ पासून कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही घरी आणू नये.

आता तिला आणखी हवे झाले. शुक्रवारी सकाळी आमचे विमान. गुरुवारी दुपारी आणखी एक बुडी मारून मग बोट पकडावी, असा तिचा बेत. आमच्या शिक्षिकेने बोटे मोजली आणि मान हलविली. मध्ये सतराच तास उरत होते. दाबाखाली हवेतला नत्रवायू रक्तात विरघळतो आणि सावकाश बाहेर पडतो. तो पडण्याआधी विमानाने उंच गेले, तर सोडावॉटरचे झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. अनेक बुड्यांनंतर विमानापूर्वी निदान अठरा तास, आणि पूर्ण दिवस ठेवता आला तर उत्तम, असा नियम आहे. वाटेत पहिल्या दुकानाच्या मालकाने भाचीला सांगितले, "एका तासाने काय होते? चला!" या वेळी तिनेच मान हलविली. ताईला सांगण्यासारखी ही एक गोष्ट मी घेऊन आलो.

इंदूरला परतल्यावर ओळखीच्या चार घरांतून मला विचारणा झाली, कारण पुढच्या हिवाळ्यात त्यांचीही मुले जाणार आहेत. कोणी अंदमानला, कोणी मालवण-तारकर्लीला. त्यांना मी जे सांगितले ते येथे लिहितो.

शिक्षकाचे प्रशिक्षण कोणत्या संस्थेचे आणि त्याचा क्रमांक काय, हे विचारा. पॅडीसारख्या संस्थांकडे तो पडताळता येतो. एका शिक्षकाकडे किती नवशिके ते विचारा. पहिल्या खेपेला एकास एक असलेले बरे. किती खोल नेणार ते विचारा. न शिकलेल्याला बारा मीटरांपलीकडे नेण्याचा नियम नाही, आणि 'तुम्ही म्हणाल तितके' हे उत्तर मिळाले तर उठा. शिकायचेच असेल तर तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम घ्यावा. त्यानंतर अठरा मीटरांपर्यंत जाता येते, आणि त्याला मात्र पोहता यावे लागते. होडीवर प्राणवायूची पेटी कोठे आहे ती डोळ्यांनी पाहा. नुसते 'आहे' ऐकून समाधान मानू नका. आधी उथळ पाण्यात सराव घेतात काय, वारा सुटला तर होडी थांबवितात काय, पैसे परत देतात काय, हे पैसे देण्यापूर्वी विचारा. जागा तिच्या छायाचित्रावरून निवडू नका. आपल्याला काय येते यावरून निवडा. आणि प्रकृतीच्या कागदावर खरे लिहा. तो कागद तुमच्या-आमच्यासाठी असतो.

मी स्वतः आमच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी हृदयाची तपासणी करविली, चालण्याच्या पट्ट्यावर दमविले, एक गोळी बदलली, आणि चार महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे. सही करतील की नाही, हे अजून त्यांनी सांगितलेले नाही. मी वाट पाहतो आहे. रोज सकाळी चालायला जातो, आणि त्या बेटावरच्या मुलीला भाचीकडून निरोप पाठविला आहे की, अंकल दाखला घेऊन येतील, नाहीतर होडीत बसून बुडबुडे मोजतील.

तिचे उत्तर आले, "या. पण अष्टमी बघून या."